नायिकेच्या मागची गर्दी

आमच्या तळघरात बेवारशी सिनेमे येतात. डब्यावर ना नाव, ना साल. साल ठरवणं हे माझ्या मावशीचं काम. मी रिळं पुसतो आणि तिची बोलणी खातो.

मावशीचा नियम एकच, नायक-नायिकेकडे बघायचं नाही. "ती दोघं कुठल्याही साली सारखीच रडतात," ती म्हणते, "मागे बघ." मागे बघितलं की सगळं कळतं. जेवणाच्या प्रसंगात ताटांवर झाकणं असली तर टंचाईची वर्षं, कारण झाकणाखाली काही नसतं. नायक गाणं सोडून धरणावर कामाला लागला तर सरकार नवीन. आणि नायिकेभोवती नाचणारे सगळे टकले, धापा टाकणारे असले तर युद्ध. तरणी पोरं तिकडे गेलेली असतात.

मंगळवारी आलेल्या डब्यात दोन रिळं होती. झाकण उघडताच व्हिनेगरचा भपका आला. फिल्म इतकी आंबायला चाळीसेक वर्षं तरी लागतात. मी पहिलं रीळ यंत्रावर चढवलं. लग्नाचा प्रसंग, विनोदी. नवरी नाचतेय आणि भोवती बारा म्हातारे.

"युद्ध," मावशी मान वर न करता म्हणाली. ती माझ्यासाठी मोहरीच्या रंगाचा स्वेटर विणत होती. एक बाही झाली होती.

"मावशी, खिडकीतून आपली इमारत दिसतेय."

"असेल. जुनीच आहे."

"बाहेरच्या लोखंडी जिन्यासकट."

तो जिना गेल्या आठवड्यात बसवलाय. त्याच्या ओल्या रंगाने कालच माझी पँट खाल्ली. सिनेमात मात्र त्या रंगाचे पोपडे निघाले होते. म्हणजे हा सिनेमा अजून निघायचाय.

मावशीने भिंग लावलं. पाहुण्यांच्या तिसऱ्या रांगेत ती स्वतः बसली होती, आत्ताच्याच चष्म्यात. शेजारची खुर्ची रिकामी. खुर्चीच्या पाठीवर मोहरीच्या रंगाचा स्वेटर, दोन्ही बाह्यांसकट.

"दुसरी बाही पण छान जमलीये," मी म्हणालो. अशा वेळी मला असलंच काहीतरी सुचतं.

"तू कुठेयस?"

"जेवायच्या रांगेत असेन."

"ताटांवर झाकणं आहेत, गाढवा."

मी दुसरं रीळ चढवलं. बागेतलं गाणं. नायिकेच्या मागे तरणी पोरं भरपूर, म्हणजे युद्ध संपलेलं. मी त्यांच्यात स्वतःला शोधत होतो. मावशीने बोट ठेवलं ते कोपऱ्यातल्या बाकावर. तिथे एकजण स्वेटर घालून बसला होता. मोहरीचा रंग, कोपरांवर ठिगळं.

"मान तुझीच."

"केस माझे नाहीत."

"तुझेच आहेत. पिकलेत."

"म्हणजे मी परत येतो की!"

"येतोस. पण सिनेमा फारच लांबलाय."

त्याच्या गळ्यात दोरीला मावशीचा चष्मा लटकत होता. ती बाकावर नव्हती.

मावशीने सुई ओढून काढली आणि स्वेटर उसवायला घेतला. तिचं डोकं सरळ चालतं. स्वेटर नाही तर ती खुर्ची नाही, खुर्ची नाही तर युद्ध नाही. बाही बघता बघता तिच्या मांडीवर लोकरीचा ढीग होऊन पडली.

यंत्राचा दिवा चालू होता, पण रीळ थांबलेलं होतं. एकच चित्र, न हलणारं. त्यातल्या बाकावरच्या म्हाताऱ्याने थंडीने हात काखेत घातले. त्याच्या स्वेटरला एक बाही नव्हती.

"मावशी."

तिने बघितलं. मग मला पहिलं रीळ परत लावायला लावलं. बाराच्या बारा म्हातारे जागेवर होते आणि खुर्चीही रिकामीच होती. फरक एवढाच, की स्वेटरला एक बाही कमी.

मग तिने लोकर गोळा केली.

"हात पुढे कर, माप घेते."

"मागच्या आठवड्यात घेतलंस की."

"तेव्हा वाटलं होतं, तू इथेच असणारेस." तिने लोकरीचा दुसरा गुंडा उघडला. "आता दुहेरी विणते."