पहिला पेढा

चांगुणाबाईंना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हशीच्या कानाला हात लावून ताप सांगणारी ही बाई. पण लेकीची गाडी उमरीच्या पुढं, भर दुपारी, चिटपाखरू नाही अशा आडरस्त्यावर थांबली आणि पुन्हा चालू व्हायचं नाव घेईना, तेव्हा त्यांना एवढं नक्की कळलं की आज आपलं काही खरं नाही.

आधी भुर्र करून एकदा चालू झाली होती. दोन पावलं सरकली आणि गप. मग ज्योत्स्नानं चावी फिरवली की नुसतं च्यॅव-च्यॅव-च्यॅव. इंजिन फिरतंय, पण धरत नाही.

"माय, झालं गं," ज्योत्स्ना म्हणाली आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकलं.

आता झालं म्हणजे काय झालं ते सांगायला पाहिजे. ज्योत्स्ना ही चांगुणाबाईंची थोरली. लातूरच्या एका खासगी दवाखान्यात सात वर्षं नर्स म्हणून राबली. दोनदा सरकारी परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात हुकली, तिसऱ्यांदा लागली. धर्माबादच्या सरकारी दवाखान्यात हजर व्हायचं होतं आणि आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. एक दाखला अडला होता, तो हातात पडायलाच काल संध्याकाळ झाली. ऑर्डरीत स्पष्ट छापलेलं, मुदतीत हजर न झाल्यास नेमणूक रद्द. आणि सकाळी फोन केला तर तिथले बाबू म्हणाले, साहेब पाचला नांदेडला निघतात, त्याच्या आत या, सही त्यांचीच लागते.

घड्याळात पावणेतीन वाजले होते. धर्माबाद अजून पस्तीस किलोमीटर. मोठ्या रस्त्याचं काम निघालेलं, म्हणून बाणाच्या पाटीनं त्यांना या खेड्यापाड्याच्या रस्त्याला घातलेलं. इकडं एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

आणि थांबवली कुणी गाडी? चांगुणाबाईंनीच. "पाय आखडलेत, घोटभर पाणी पिऊ, लिंबाच्या सावलीला लाव जरा," असं म्हणून. त्यांना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. मुळात येऊ नको म्हणत होती पोरगी. चांगुणाबाईंचा नवरा आनंदराजही म्हणाला होता, तू कशाला लोढणं होऊन चाललीस? पण लेक खुर्चीवर बसून सही करताना डोळ्यानं बघायची हौस. घ्या आता हौस!

पाच-दहा मिनिटांनी एक टेम्पोवाला आला. मान बाहेर काढून म्हणाला, "पेट्रोल संपलं आसंल," आणि हे ज्ञान देऊन निघून गेला. काटा अर्ध्यावर होता. त्याच्या मागून मोटारसायकलवर एक पागोटंवाले आजोबा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "लिंबू-मिरची बांधली न्हाई वाटतं?"

"आमच्यात न्हाई बांधत," चांगुणाबाई तोडून बोलल्या. "लिंबाला मेकॅनिकी येत आसती तर गॅरेज कशाला निघाले आसते?"

आजोबा हसले बिचारे आणि गेले. पण जाता जाता एक उपकार करून गेले. पुढच्या वळणावर एकाला थांबवून त्यांनी सांगितलं, मागं दोन बायका अडकल्यात. ते नंतर कळलं.

तो एकजण म्हणजे नरसिंग. चाळिशीचा, अंगानं किडकिडीत, खांद्यात मळणीयंत्राचा जाडजूड पट्टा जानव्यागत आडवा अडकवलेला, मोटारसायकलच्या हँडलला हत्यारांची पिशवी. येतानाच त्याचा फोन वाजत होता. फोन कानाला लावून तो म्हणाला, "आलोच रे, पट्टा घेऊनच येऊन राहिलो, धा मिनिटात आलोच," आणि फोन खिशात टाकून गाडीपाशी बसला.

"ताई, मारा सेल्फ एकदा. एकदाच."

ज्योत्स्नानं मारला. च्यॅव-च्यॅव-च्यॅव.

"बास! आता हात लावू नका, न्हाईतर ब्याटरी बसंल. ब्याटरी चांगली हाय, सेल्फ चांगला हाय. इंजिन फिरून राहिलंय म्हणल्यावर त्यांचा कसूर न्हाई." त्यानं बोनेट उचललं. "इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, अम्मा. हवा, पेट्रोल आन् ठिणगी. तिघांतलं कोण रुसलंय तेवढं बघायचं."

तेलंगणाच्या काठचा माणूस, त्यामुळं तोंडात अम्मा. चांगुणाबाईंना त्या एका शब्दानं थोडा धीर आला.

त्यानं हवेची जाळी काढून झटकली. हवा ठीक. मग पान्यानं एक प्लग काढला, नाकाशी नेला, चांगुणाबाईंच्याही नाकाशी धरला. "वास येतो का?"

"कशाचा?"

"पेट्रोलचा."

"न्हाई की."

"यायला पाहिजे होता. इतका सेल्फ मारल्यावर प्लग ओला होतोय. ह्यो ठणठणीत कोरडा." मग तोच प्लग वायरीला जोडून पत्र्याला टेकवला आणि ज्योत्स्नाला पुन्हा एकदा सेल्फ मारायला लावला. निळी ठिणगी टकटक उडाली. "बघा. ठिणगी हाय. हवा हाय. पेट्रोल येऊन न्हाई राहिलं."

चांगुणाबाईंना हे सगळं समजलं. कुणी आपल्याला समजावून सांगतंय याचंच त्यांना नवल वाटलं. आजवर दवाखान्यात, कचेरीत, बँकेत, कुणी असं नाकाशी धरून सांगितलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. नरसिंगनं बघितलं आणि बंद केला.

"दादा, तुमचं काम खोळंबलं," ज्योत्स्ना म्हणाली.

"सोयाबीनची मळणी हाय. पट्टा तुटला म्हणून बारा माणसं बसून हायत. बसू द्या, चा पितील. तुमचं पाचला हाय ना?"

एवढं सगळं ज्योत्स्नानं त्याला कधी सांगितलं होतं कुणास ठाऊक. बहुतेक रडत रडत सांगितलं असावं.

मागची सीट दाखवून तो म्हणाला, "अम्मा, आत बसा. सीटला कान लावा. ताई नुसती चावी फिरवतील, सेल्फ न्हाई. टाकीत एक पंप आसतो. चावी फिरवली की दोन सेकंद माशी गुणगुणल्यावानी वाजतो. ऐका."

चांगुणाबाई मागं बसल्या, पदर सावरून सीटला कान लावला. ज्योत्स्नानं चावी फिरवली.

"मुकं हाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

"पुन्हा."

"न्हाई बाबा. एकदम मुकं. मेल्या म्हशीच्या पोटागत."

नरसिंग हसला. "अम्मा, तुमी माझ्याकडं कामाला या." मग तो गंभीर झाला. फ्यूज काढून बघितले, सगळे शाबूत. डोकं खाजवत उभा राहिला. सव्वातीनचे साडेतीन झाले. ज्योत्स्ना रस्त्याच्या कडेला जाऊन उभी होती, ऑर्डरीची पिशवी छातीशी धरून. चांगुणाबाई मनातल्या मनात म्हणत होत्या, माझ्या एका घोटभर पाण्यापायी. माझ्या पोरीची सात वर्षं.

"गाडी कुणाची घेतली?" नरसिंगनं एकदम विचारलं.

"चाकूरच्या शेषेरावांची," ज्योत्स्ना म्हणाली. "जुनीच घेतली. तीन महिने झाले."

"त्यांना फोन लावा."

लावला. वाजून वाजून बंद झाला.

"काय विचारायचं होतं?"

"आपल्याकडं जुन्या गाडीत माणसं चोरखटका बसवतात. गाडी चोरीला जाऊ ने म्हणून त्या पंपाची वायर मधीच तोडून एक बटन लपवतात. मालकाशिवाय कुणाला ठाव नसतं. बायकोला बी सांगत न्हाईत." तो आता गाडीत आडवा झाला होता, डोकं डॅशबोर्डच्या खाली, पाय दाराच्या बाहेर. "आन् विकताना सांगायचं इसरतात. हे बघा! ही लाल वायर. ही काय कंपनीची न्हाई, कुण्या गावठी वायरमनची टेप हाय ही. ही चालली डावीकडं… डावीकडं…"

डावीकडं म्हणजे चांगुणाबाई बसत होत्या तिकडं. वायर गेली ती डॅशबोर्डच्या खालच्या कोनाड्यात, आणि त्या कोनाड्यात, घट्ट कोंबलेला, एक पेढ्याचा पुडा होता.

चांगुणाबाई दुसरीकडं बघू लागल्या.

तो पुडा त्यांनी नांदेडला घेतला होता, ज्योत्स्ना झेरॉक्सच्या दुकानात गेली तेव्हा, गुपचूप. आनंदराजनं निघताना बजावलं होतं, हजर झाल्याबिगर पेढे घेऊ नका, पाळण्याआधी बारसं करू नका. पण लेक सही करून बाहेर आली आणि हातात काही नसलं तर? नांदेडपासून पुडा मांडीवर, पदराखाली. सावलीला थांबले तरी फांद्यांतून मांडीवर ऊन येत होतं, पेढे पाघळतील म्हणून त्यांनी तो खाली त्या बिळात दाबून बसवला. चांगला जोर लावून बसवला.

नरसिंगनं पुडा ओढून काढला. त्याच्या मागं करंगळीएवढा काळा खटका होता. त्यानं बोटानं तो वर केला. टक.

"अम्मा, कान लावा."

चांगुणाबाई धावतच मागं गेल्या. चावी फिरली. सीटच्या आतून माशी गुणगुणली.

"बोललं!" त्या ओरडल्या. "बोललं गं बाई, बोललं!"

नरसिंगनं प्लग बसवला, ज्योत्स्नानं सेल्फ मारला. दोनदा च्यॅव-च्यॅव, आणि इंजिन धरलं. ज्योत्स्ना एकाच वेळी हसली आणि रडली. नंतर पुड्याकडं बघून म्हणाली, "माय! तू पेढे घेतलेस?"

"घेतले बाई. मार मला."

"मारू नका," नरसिंग म्हणाला. "अम्मानी एका परीनं बरंच केलं. उद्या नोकरीच्या गावी हाच खटका पाय लागून पडला आसता तर तितं कुणी शोधला आसता?" असं कुठं असतं का! पण माणूस चांगला असला की खोटंसुद्धा चांगलं बोलतो.

पैसे तो घेईना. ज्योत्स्नानं नोट खिशात कोंबली, त्यानं ती गाडीच्या खिडकीतून आत टाकली. "पाणी आसंल तर द्या घोटभर."

चांगुणाबाईंनी बाटली पुढं केली. त्यानं हात मागं घेतले. ग्रीसनं काळेकुट्ट झाले होते. "हात घाण हायत, अम्मा. वरून वता."

त्यानं ओंजळ तोंडाशी धरली. चांगुणाबाई वरून पाणी ओतू लागल्या. सात वर्षांच्या असताना त्यांनी हे बघितलं होतं. त्यांची माय खुडणीला गेली की पाटलाच्या बांधावर अशीच वाकून ओंजळ धरायची आणि वरून, लांबून, कुणीतरी पाणी सोडायचं. तेव्हा मायचे हात काही घाण नव्हते. घरी आल्यावर माय म्हणायची, तहान भागली, पर पाणी घशाखाली गेलं न्हाई.

आणि हा नरसिंग. तासाभरात यानं एकदाही आडनाव विचारलं नव्हतं. गाव विचारलं, नोकरी विचारली, गाडीचा मालक विचारला. आडनाव नाही.

पाणी पिऊन त्यानं बाहीनं तोंड पुसलं. तेवढ्यात चांगुणाबाईंनी पुड्याचा दोरा तोडला.

"माय, अजून हजर नाही झाले मी," ज्योत्स्ना म्हणाली.

"गप तू."

त्यांनी एक पेढा उचलला. नरसिंगनं काळे हात दाखवले. मग चांगुणाबाईंनी स्वतःच्या हातानं पेढा त्याच्या तोंडापाशी नेला. क्षणभर त्यांच्या मनात आलं, घेईल का? आणि नरसिंगनं लहान पोरागत आ केला.

"ग्वाड हाय," तो भरल्या तोंडानं म्हणाला. फोन वाजला. "आलो रे, आलोच!" आणि पट्टा सावरून धुरळ्यात दिसेनासा झाला.

चांगुणाबाई बोटाला लागलेला पेढ्याचा चुरा तसाच धरून बसल्या. पदराला पुसावा असं त्यांना वाटेना. नंतर त्यांनी तो स्वतःच्या तोंडात टाकला.

वाटेत शेषेरावांचा फोन आला. "अहो ताई, कॉल आला व्हता का? बरं झालं, ते गाडीत एक बटन हाय, तुमाला सांगायचं राहिलंच बघा…"

"सापडलं काका," ज्योत्स्ना म्हणाली. "ठेवा आता."

धर्माबादला पोचले तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. साहेबांची गाडी दारात लागलेली, ड्रायव्हर आत बसलेला. ज्योत्स्ना पळतच गेली. चांगुणाबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि जे बघायला आल्या होत्या ते त्यांनी डोळे भरून बघितलं. लेक खुर्चीवर बसली, कागद ओढला, सही केली. साहेबांनी खाली सही केली. बाबूंनी शिक्का मारला. एवढंच होतं. चार मिनिटांत झालं.

मग त्यांनी पुडा पुढं केला. साहेबांनी एक पेढा घेतला, बाबूंनी पुड्यात डोकावून बघितलं आणि गमतीनं म्हणाले, "काय हो आजी, डबा आधीच फोडला? पहिला पेढा साहेबांना द्यायचा असतो."

"हाव साहेब, देते की," चांगुणाबाई म्हणाल्या. "पर पहिला ज्याचा व्हता, त्याला वाटंतच माज्या हातानं भरवून आले."