दृष्टिविषयक त्रास

संयोगिताने ध्वनिमुद्रण सुरू करून आपला फोन पालथ्या घमेल्यावर ठेवला, आणि मुद्रण चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी तो पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला.

"ठिवा की म्याडम. पळून जातंय व्हय त्ये?" शालूबाई म्हणाल्या, आणि ढिगाभोवती बसलेल्या बाया हसल्या.

तासगावच्या वाटेवरील ते बेदाण्याचे शेड चहूबाजूंनी उघडे होते. वर जाळ्यांच्या थरांवर द्राक्षे सुकत होती आणि खाली ताडपत्रीवर ओतलेल्या बेदाण्यातून बायांचे हात काड्या व काळे दाणे वेगळे करीत होते. शाळा सकाळची झाली होती. त्यामुळे दुपारी मुलेही आयांच्या मागोमाग शेडात येत, आणि काम चालावे म्हणून आया त्यांच्या हाती फोन देत.

याच विषयावर संयोगिताने दोन वर्षे खर्ची घातली होती. मळ्यांत आणि शेडांत राबणाऱ्या बायांची मुले फोन किती पाहतात आणि त्यांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, हे ती घरोघर जाऊन विचारीत आली होती. निष्कर्ष असा निघाला की तिचे मार्गदर्शक धैर्यशील सर वाचता वाचता खुर्चीतून उठले. ज्या घरात फोन अधिक, त्या घरातील मुलांना डोळ्यांचा त्रास अधिक. दहांमागे सात मुलांना. उद्या सकाळी साताऱ्याच्या परिषदेत बालपण, माध्यमे आणि आरोग्य या तिन्ही विषयांचे अभ्यासक एकत्र येणार होते, आणि पहिल्या सत्रातील पहिला निबंध तिचा होता. तिची पीएच.डी. या एका निष्कर्षावर उभी होती.

तरीही गेला आठवडाभर तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. एक मुलगी त्या निष्कर्षात बसत नव्हती. भामाबाईची रेश्मा सर्वांत जास्त वेळ फोन पाहत असे, आणि तिला त्रास मात्र काही नाही, असे भामाबाईने ठामपणे सांगितले होते. "एखादा अपवाद असतोच, गाळून टाक," असे सर म्हणाले. संयोगिताने तिला गाळले, मग परत घातले. शेवटी, परिषदेत ऐकवायला एका बाईचा आवाज हवा असे निमित्त काढून ती आज इथवर आली होती.

रेश्मा तिथेच होती. आठ-नऊ वर्षांची ती मुलगी पोत्यांच्या थप्पीला टेकून, फोन अगदी नाकाला लावून बसली होती.

"मावशी, मागे विचारलं होतं तेच पुन्हा सांगा," संयोगिता शालूबाईंना म्हणाली. "आपल्या नातवास दृष्टिविषयक काही त्रास जाणवतो का?"

"जाणवतो म्हंजे? लय जाणवतो."

"केव्हापासून?"

"बड्डेपासनं. सुनंनं फोटू टाकला स्टेटसला, टोपी घातल्याला. समद्या गावानं बघितला. झालं. सांजंपासनं पोरगं किरकिर कराय लागलं ते घास म्हनून घीना."

संयोगिता मान डोलावीत होती. ती मान मध्येच थांबली.

"फोटो टाकला, म्हणून डोळ्यांना त्रास?"

"डोळ्याला का म्हनून? डोळं ठणठणीत हायती त्याचं. मला सुई ववून देतंय." शालूबाईंनी हातातली काडी मागे भिरकावली. "दिष्ट वो म्याडम. दिष्ट लागली. मूठभर मिरच्या उतरून जाळल्या, पर कुनाला ठसका न्हाई का शिंक न्हाई. तवाच वळिकलं, चांगलीच लागलीया."

"आमच्या बी पोरीचं तसंच," पलीकडून कोणी म्हणाली. "हळदीकुंकवाचं रील टाकलं, अन् दोन दिस तापानं पडली."

"मग टाकू नगंस की गं."

"टाकल्याबिगर ऱ्हावतंय व्हय?"

पुन्हा हशा पिकला. त्या हशात संयोगिताने फोन उचलला आणि मुद्रण बंद केले. यावेळी तिने तो परत घमेल्यावर ठेवला नाही. दोन्ही हातांत घट्ट धरून बसली.

फोन अधिक, तर फोटो अधिक. फोटो अधिक, तर दृष्ट अधिक. बायांनी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता.

कोरेगावला तिची स्वतःची आईदेखील मीठ-मोहऱ्या घेऊन तिच्यावरून ओवाळून टाकीत असे, आणि तोंडाने हाच शब्द पुटपुटत असे. प्रश्नावलीच्या पहिल्या मसुद्यात संयोगिताने साधाच प्रश्न लिहिला होता: डोळ्यांनी नीट दिसतं का? तो तिनेच खोडून 'दृष्टिविषयक त्रास' असा केला. साताऱ्याच्या महाविद्यालयात पहिल्या दिवशी तिच्या तोंडून 'न्हाई' निघून गेले आणि अख्खा वर्ग हसला, तेव्हापासून लिहिताना तिचा हात आपोआप शुद्ध शब्दाकडे वळे. सरांनी त्या प्रश्नाची भाषा विशेष वाखाणली होती.

तिने पोत्यांकडे पाहिले आणि मग भामाबाईकडे. भामाबाई कडेला बसून, मान खाली घालून झपाझप बेदाणा निवडीत होती.

"भामाबाई, तुम्ही नाही म्हणाला होता. रेश्माला त्रास नाही म्हणून."

"न्हाईच लागत तिला."

"कधीच नाही?"

"कुनाची लागंल?" भामाबाईने हात न थांबवता म्हटले. तिच्या स्वरात दुःख नव्हते, तक्रारही नव्हती. "काळी, किडकिडी. काजळाचा टिक्का बी न्हाई लावला कवा. बघतंय कोन तिच्याकडं?"

रेश्माने ऐकले की नाही कळले नाही; तिचे नाक फोनच्या काचेपासून हलले नाही.

संयोगिता उठून तिच्यापाशी गेली व खाली बसली. रस्त्यापलीकडच्या गोदामाच्या भिंतीवर निळ्या रंगात, वीतवीत उंचीच्या अक्षरांत खताची जाहिरात रंगविलेली होती.

"रेश्मा, त्या समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय गं?"

मुलीने मान वर केली. डोळे बारीक केले. कपाळाला आठ्या घातल्या, आणि प्रामाणिकपणे विचारले,

"कुठली भित?"

शेडात बेदाण्याची सळसळ तेवढी चालू होती. हळूहळू तीही थांबली.

संयोगिता भामाबाईकडे वळली. पुष्कळ वर्षे आत कोंडून ठेवलेले बोलणे तिच्या तोंडी आले.

"मामी, पोरीला लांबचं दिसत न्हाई. तुमाला ठावं न्हवतं?"

"आगं बया," शालूबाई म्हणाल्या. "म्याडम, कुठल्या म्हनायच्या तुमी?"

"कोरेगावची."

भामाबाई मात्र संयोगिताकडे एकटक पाहत होती. तिच्या ओंजळीतला बेदाणा बोटांमधून खाली गळत होता.

"फोन नाकाला लावती, म्या म्हनलं नाद हाय. गुरुजी म्हनत्यात फळ्यावरलं उतरवत न्हाई, म्या म्हनलं आळशी हाय. दोनदा मारली तिला त्यापायी." ती थांबली. "पर हे कवा इचारलं तुमी?"

नेमका त्याच वेळी संयोगिताचा फोन वाजला. ती शेडाच्या कडेला, उन्हाच्या रेषेवर जाऊन उभी राहिली.

"आवाज मिळाला का?" धैर्यशील सरांनी विचारले. "आरोग्य खात्याचे साहेबही येणार आहेत. तुझा तो दहांत सातचा तक्ता मोठा करून ठेवलाय."

"सर, तो तक्ता काढा."

"काय?"

"मी डोळ्यांचं विचारलं. बायकांनी दृष्ट लागण्याचं सांगितलं. दृष्टी म्हटलं की त्यांना दिष्ट ऐकू येते."

"सगळ्यांनी?"

"किती जणींनी ते मला माहीत नाही. पुन्हा विचारावं लागेल."

"संयोगिता, दोन वर्षांचं काम आहे. छापायला गेलंय सगळं. आणि उद्या तू व्यासपीठावर उभी राहून हे सांगणार?"

"सांगणार. पण माझं वाचन शेवटच्या सत्रात घ्या. सकाळी मला तासगावला थांबायचंय."

"शेवटच्या सत्राला सभागृहात माणूस राहत नाही."

"मग खुर्च्यांना सांगेन."

"तासगावात एवढं काय आहे?"

"डोळ्यांचा दवाखाना."

सरांनी फोन ठेवला की तो तुटला, हे तिला समजले नाही. परत फोन लावावा म्हणून तिने अंगठा उचलला आणि तसाच खाली घेतला. ती परत पोत्यांपाशी आली, रेश्माच्या हनुवटीला धरून तिचा चेहरा तिने उजेडाकडे वळवला आणि त्या डोळ्यांत पाहत राहिली. मोठे, पाणीदार, लांब पापण्यांचे ते डोळे होते. मुलगीही तिच्याकडे पाहत होती. एवढ्या जवळचे तिला चांगले दिसत होते. ती लाजून हसली.

"म्याडम," मागून भामाबाई म्हणाली.

संयोगिताने ऐकले नाही. ती अजून पाहतच होती.

"म्याडम, लय येळ बघू नगा."

भामाबाई उठून आली होती. तिने बेदाण्याने चिकट झालेला हात पदराला पुसला, बोटाने स्वतःच्या डोळ्याच्या कडेचे काजळ निपटले आणि रेश्माचे केस मागे सारून ते कानामागे टेकवले.

"भामे," शालूबाई ढिगापलीकडून म्हणाल्या, "तुझ्या पोरीला लागत न्हाई न्हवं?"

भामाबाईने बोट पुन्हा डोळ्याला लावले आणि तो टिपका जरा मोठा केला.

"आता लागंल," ती म्हणाली.