मला ऐकू येतं, ओरडू नका

मी एक जुनी मायक्रोप्रोसेसर चिप आहे, मित्रांनो. चाळीस पायांची, काळ्या अंगाची आणि सध्या भयंकर चिडलेली.

का चिडू नये? कारखान्यातून निघाले ती मी थेट एका उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये गेले. कोणत्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, सगळं मी सांभाळायचे. लिफ्ट छान चालली की शाबासकी लिफ्टला. दारात चॉकलेटचा कागद अडकला की मात्र "चिप गेली!" म्हणून बोंब. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

लिफ्ट भंगारात निघाली तेव्हा तिच्या मेकॅनिकने मला हलक्या हाताने काढून खिशात ठेवलं. घरी त्यांना दादा म्हणतात. पुढे दादांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. कान मात्र चांगले तिखट. पण जगाला कोण सांगणार? औषधाच्या दुकानात त्यांनी चिठ्ठी पुढे केली की दुकानदार बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "काका, जे-व-णा-नं-तर!" सगळं दुकान वळून बघायचं. हळूहळू दादांनी घराबाहेर पडणंच सोडलं.

त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे ताईंना, ते बघवेना. त्या तंत्रशाळेत शिकवतात.

"दादा, तुझी लिफ्टवाली चिप दे बघू. छातीवर लावायचा बिल्ला करते. तुझ्या वतीनं तोच बोलेल."

माझ्या शेजारी प्रोग्राम साठवणारी मेमरी बसली, समोर दिव्यांची पट्टी. माझी भूक मोठी, म्हणून बॅटरी वेगळी, खिशात ठेवायची. लाल अक्षरं सरकू लागली: "मला ऐकू येतं. ओरडू नका." ताईंनी बिल्ला स्वतःच्या छातीवर लावला, मान वाकवून वाचला आणि खूश झाल्या.

दादा मोठ्या हिमतीने दुकानात गेले. दुकानदाराने मान तिरकी केली, आणखी तिरकी केली आणि फिस्सकन हसला. "अहो काका, हे उ-ल-टं आ-हे!"

दादा तसेच माघारी आले.

"आई, मी म्हटलं नव्हतं?" ताईंचा मुलगा म्हणाला. "काढ त्या म्हातारीला. तांदळाएवढी नवी चिप मिळते."

वा रे वा! मला सांगितलं तेच मी दाखवलं. एक दिवा इकडचा तिकडे केला असेल तर शपथ! नाचता येईना, अंगण वाकडं. पण माझं ऐकतो कोण? ताईंनी मला उपटायला स्क्रूड्रायव्हर उचललासुद्धा.

दादांनी बिल्ल्यावर तळहात ठेवला. मग मान खाली घालून एकेक अक्षरावर बोट फिरवू लागले. त्यांना सगळं सुलट दिसत होतं. ताईंनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! मी घालणाऱ्याला वाचता येईल असं लिहिलंय. समोरच्यानं काय डोक्यावर उभं राहायचं?"

पिन काढून बिल्ला फिरवून लावला. झालं! एवढ्यासाठी मला उपटायला निघाले होते. माफी कुणी मागितली नाही, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने ओरडायला तोंड उघडलं, वाचलं आणि मिटलं. मग टेबलावरून वाकून कुजबुजला, "काका, जेवणानंतर हं." शेजारचं गिऱ्हाईकही कुजबुजू लागलं. दादा तिथे काय आजारी पडून झोपले होते का?

घरी आल्यावर दादांनी दोनच शब्द पाटीवर लिहून दिले. माझ्यासारखीच जुनी ती मेमरी अतिनील प्रकाशानेच पुसली जाते, म्हणून ताईंनी ती जांभळ्या दिव्याखाली धरून पुसली आणि नवा प्रोग्राम भरला. आता मी दिवसभर दाखवते: "नेहमीसारखं बोला."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा म्हटलं तर तुम्ही जांभया द्याल. मग एवढं तरी करा. काही बिघडलं की वस्तूला नावं ठेवण्याआधी आपलं काम तपासा. आणि कुणी बोलत नसेल तर त्याला बहिरा किंवा खुळा ठरवून मोकळे होऊ नका.

दादा आता रोज बाहेर पडतात. परवा ते रांगेत मध्ये घुसले, तर दुकानदार त्यांच्याशी चक्क भांडला, चार माणसांशी भांडतो तसाच. घरी येईपर्यंत दादांचं हसू काही मावळलं नाही.