‘खाली’ म्हणेपर्यंत

वेटलिफ्टिंगच्या सगळ्यात हलक्या वजनगटात उतरायची म्हणून तिला बारकी म्हणायचे. हलकं तिच्यात काय ते तेवढंच. बाकी जिभेला धार, डोकं गरम आणि हट्ट असा, की आत्याने तिच्यापुढे केव्हाच हात टेकले होते.

साथ आली आणि व्यायामशाळेला कुलूप लागलं. कुलूप लागायच्या आधी तिच्या प्रशिक्षकांनी एक दांडा आणि वजनाच्या चकत्या टेम्पोत घालून बारकीच्या दारात पोचवल्या. इमारतीची लिफ्ट बंद, घर तिसऱ्या मजल्यावर. बारकीने एकेक चकती पोटाशी धरून वर नेली, सोफा भिंतीला लावला, जुन्या गाद्यांवर फळी टाकली आणि बैठकीच्या खोलीत आपला आखाडा मांडला. आत्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दवाखानाही बंदच. म्हणजे घरात दोन रिकाम्या बायका आणि एक भरलेला दांडा.

पहिल्याच सकाळी बारकीने वजन डोक्यावर नेलं आणि सवयीने सोडून दिलं. व्यायामशाळेत सगळे तसंच करतात; वर गेलं की काम झालं, पुढचं जमीन बघून घेते. इथे जमिनीखाली काका राहत होते. त्यांच्या छताचा पोपडा सुटला तो थेट त्यांच्या चहात. मास्क लावून, काठी आपटत काका वर आले.

“पैलवान, उद्यापासून हे बंद. नाहीतर मी पोलिसांना बोलावतो.”

“सराव बंद होणार नाही, काका. आवाज बंद करते,” बारकी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून वर नेलेलं प्रत्येक वजन ती स्वतःच्या ताकदीवर खाली आणायची. डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून मांडीवर आणि तिथून फळीवर, झोपलेलं मूल ठेवावं तसं. पहिले काही दिवस उचलण्यापेक्षा उतरवण्यानेच तिच्या नाकी नऊ आले. संघातल्या बाकीच्या मुली फोनवर हसायच्या. बारकी त्यांनाही ऐकवायची.

संघाचं क्रीडाशास्त्र बघणाऱ्या एक बाई होत्या. खेळाडूंचं शरीर किती पेलतंय, किती दमलंय, हे मोजणं त्यांचं काम. सगळे त्यांना आकडेबाई म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्यांची सगळी यंत्रं प्रयोगशाळेत अडकलेली, त्यामुळे त्या घरच्या जेवणाच्या टेबलावरून संघ चालवत होत्या. प्रत्येकीकडून त्यांना दोनच गोष्टी हव्या असायच्या: सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मोजलेली नाडी आणि एका बाजूने काढलेला, वजन उचलतानाचा व्हिडिओ. व्हिडिओतून त्या दांड्याचा वेग काढत. ठरलेलं वजन झपकन वर गेलं तर अंगात ताकद आहे. तेच रेंगाळलं तर शरीर कुरकुरतंय, मग तोंडाने खेळाडू काहीही म्हणो. आत्या इस्त्रीच्या टेबलावर फोन उभा करून छायाचित्रकार झाली होती आणि त्या कामाचा तिला भारी रुबाब होता.

हे सगळं कशासाठी, तर एका जागेसाठी. पुढच्या मोठ्या स्पर्धेला हलक्या गटातून एकच मुलगी जाणार होती, तीही चाचणी घेऊन. बारकीचं वय असं, की ही संधी हुकली तर पुढच्या वेळी तिला कोणी विचारलं नसतं.

आणि नेमकं तेव्हाच एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं. आत्या आंघोळीला गेलेली, बारकी गॅसशेजारी उभी, आणि तिला पत्ताच नाही. आत्या ओरडत बाहेर आली तेव्हा बारकीने भांड्यात नाक घातलं. काही नाही. चहाच्या डब्यात घातलं. काही नाही. त्या दिवशी दांडा उचलला तर रोजचं वजन गुडघ्यांपाशीच अडलं.

बारकी घाबरली, आणि घाबरलेल्या माणसाला सुचतं तेच तिला सुचलं. तिने आकडेबाईंना जुना व्हिडिओ पाठवला. सदरा तोच, पडदा तोच, उजेडही तोच. नाडी मनाने लिहिली. दुपारी फोन आला.

“आजचं उचलणं फार छान आहे,” आकडेबाई म्हणाल्या.

“हो ना ताई, बरं वाटलं आज.”

“इतकं छान, की मागच्या पंधरवड्यातल्या एका उचलण्याशी वेगाचा शेवटचा आकडासुद्धा जुळतोय. बारके, कुठलाही माणूस तेच वजन दोनदा अगदी सारखं उचलत नाही. चोरी करायची ती माझ्याच घरात?”

बारकीला रडूच फुटलं. “ताई, वास येत नाहीये. मला काढू नका. काहीही करा, पण काढू नका.”

“काढणारी मी कोण? पण आज दांड्याला हात लावलास तर मी स्वतः पोलिसांना घेऊन येईन. खालच्या काकांनाही सोबत आणीन. आत्याला फोन दे.”

ताप चढला, खोकला आला, आत्या दाराबाहेर पेज ठेवून आतल्या कण्हण्याला शिव्या घालत बसली. आजार उतरला तेव्हा बारकीला स्वयंपाकघरापर्यंत चालताना धाप लागत होती. त्याच आठवड्यात निवड समितीची बैठक फोनच्या पडद्यावर झाली. समितीचे प्रमुख मोठे सर. त्यांनी आयुष्यभर खेळाडू डोळ्यांनी पारखले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

“हिचं नाव कमी करा,” मोठे सर म्हणाले. “छातीत गेलेला आजार आहे. दम संपला की लिफ्टर संपला.”

“दम मोजता येतो, सर,” आकडेबाई म्हणाल्या. “मोजल्याशिवाय संपला म्हणू नये.”

“बाई, आकड्यांनी पदकं मिळत नाहीत.”

बारकीलाही बैठकीत घेतलं होतं, पण तिचा आवाज बंद ठेवला होता. तिने तो सुरू केला. खोकला दाबत म्हणाली, “सर, हातच्या कंकणाला आरसा कशाला? चाचणीला उचलून दाखवते. नाही उचललं तर तुम्ही म्हणाल तिथे सही करते. पण न बघता काढलंत, तर मी रोज तुमच्या फोनवर खोकेन.”

कोणीतरी हसलं. मोठे सर हसले नाहीत, पण नाव राहिलं.

त्यानंतरचे आठवडे बारकीला आजारापेक्षा वाईट गेले. आकडेबाईंनी तिच्या हातात दांडा दिलाच नाही, केरसुणीची काठी दिली. सकाळी आडवं पडून नाडी मोजायची, उठून उभं राहून परत मोजायची. दोन्हींत फार फरक दिसला तर त्या दिवशी काठीसुद्धा बंद. रिकाम्या दांड्यापर्यंत यायलाच तिला युग लागलं. मग एकेक चकती. किती वजन घालायचं ते कुठल्या तक्त्यात ठरलेलं नव्हतं; त्या दिवशीचा वेग ठरवायचा. दांडा मंदावला की फोनमधून आवाज यायचा, “बस.”

“अजून एक, ताई! आहे माझ्यात.”

“तुझ्यात काय आहे ते मला दिसतंय. बस.”

बारकी दात-ओठ खायची, आत्यावर चिडायची, उशीला गुद्दे मारायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहायची. मग एक दिवस आकडेबाई फोनवर तेच आकडे पुन्हा पुन्हा मांडत बसल्या.

“काय झालं?” बारकीने भीतभीत विचारलं.

“तू आजाराच्या आधीपेक्षा वेगात उचलतेयस. मी तीनदा तपासलं.” मग त्या हसल्या. “तुझ्या काकांना पेढे द्यायला हवेत. उतरवतानाही स्नायूंना उचलण्याइतकंच काम पडतं. बाकीच्या ते काम जमिनीला फुकट देतात. तू काकांच्या धाकाने सगळं स्वतः केलंस.”

“धाकाने नाही,” बारकी म्हणाली. “हट्टाने.”

चाचणीही पडद्यावरच झाली, ज्या त्या मुलीच्या घरी. चकत्यांवरचे आकडे कॅमेऱ्याला दाखवायचे, वजन डोक्यावर नेऊन हात ताठ ठेवून स्थिर उभं राहायचं आणि पंचांनी ‘खाली’ म्हटल्याशिवाय उतरवायचं नाही. आधी उतरवलं तर उचलणं बाद. पडद्यावर तीन चौकोनांत तीन पंच, मधले मोठे सर. चौथ्यात आकडेबाई; त्यांनी बोलायचं नाही अशी अट.

त्याच गटातल्या दुसऱ्या मुलीने चांगलं उचललं. बारकीची शेवटची खेप उरली तेव्हा जागा मिळवायला तिला आजवर कधीच न उचललेलं वजन हवं होतं. तिने चकत्या घातल्या. आत्या इस्त्रीच्या टेबलामागे श्वास रोखून उभी. बारकीने दांडा खांद्यावर घेतला, उठताना पाय थरथरले, एक क्षण वाटलं गेलं, आणि मग ती अशी किंचाळली की खाली काकांची काठी पडल्याचा आवाज आला. दांडा डोक्यावर. हात ताठ. पाय एका रेषेत.

‘खाली’ आलं नाही.

पडद्यावर तिन्ही पंच थिजले होते. मोठ्या सरांचा एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं. मध्ये एक गोल वर्तुळ गरगर फिरत होतं.

“नेट गेलं!” आत्या ओरडली. “ठेव गं खाली, ते दिसतच नाहीयेत!”

बारकीने मान हलवली नाही, हलवता येतही नव्हती. “नाही म्हणाले अजून,” दातांतून एवढंच आलं.

आत्याने फोन हलवला, मग खिडकीकडे धावली, परत आली. मनगटं जळायला लागली. खांद्यांतून पाठीत, पाठीतून मांड्यांत वजन उतरत गेलं. छातीत ती जुनी धाप सुरू झाली, तीच जिने तिला स्वयंपाकघराच्या दारात बसवलं होतं. बारकीला तिचा भयंकर राग आला. तू सांगणार मला कधी खाली ठेवायचं ते? तिने कोपरं आणखी घट्ट केली. कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला, तरी डोळे उघडेच ठेवले.

“बारके, मरशील!” आत्या रडायला लागली.

वर्तुळ फिरायचं थांबलं. मोठ्या सरांचा डोळा पूर्ण उघडला. त्यांना वाटलं होतं, रिकामी खोली दिसेल, किंवा जमिनीवर पडलेला दांडा. समोर बारकी उभी होती, तशीच, वजन डोक्यावर, एक बोटसुद्धा ढळलेलं नाही. सर पुढे झुकले. आकडेबाई अट मोडू नये म्हणून तोंडावर हात दाबून उभ्या राहिल्या.

“खाली,” सर कसेबसे म्हणाले. “खाली! ठेव, पोरी, खाली!”

बारकीने ठेवलं नाही. तिने पडद्याकडे बघितलं, सरांच्या डोळ्यांत, आणि धापेतून एकेक शब्द सोडला.

“नीट दिसलं का, सर? नसेल तर थांबते अजून.”