साक्षीदाराच्या पडद्याची तक्रार

मी एक जुना लाकडी पडदा आहे. कोर्टात साक्षीदाराला आडोसा द्यायला मला उभं करतात. तीन चौकटी, पितळी बिजागऱ्या आणि जाड हिरवं कापड, एवढंच माझं अंग. मित्रांनो, मला स्वतःची किळस येते. का, ते ऐका.

आरोपीला साक्षीदाराचं तोंड दिसू नये म्हणून मला बनवलं. सुतार मोठा चिकित्सक. त्याने बायकोला माझ्यामागे उभं केलं आणि समोर उकिडवं बसून फट शोधली. बिजागरीपाशी बोटभर फट निघाली, तिथे त्याने कापडाची पट्टी ठोकली. कोर्टात आलो त्या दिवशी मोठ्या साहेबांनी फीत कापली. पेपरात माझा फोटो आला, साक्षीदार आता निर्धास्त झाले असं खाली छापलं होतं. मी फुशारून गेलो, वेडा कुठला!

तारखेच्या दिवशी शिपाईदादा मला अडगळीतून काढून व्हरांड्यातल्या बाकाला टेकवून ठेवत. बाक एकच. साक्षीदार त्यावरच बसायचे आणि आरोपीची माणसंही त्यावरच. मग शिपाईदादा दाराशी येऊन हजेरी पुकारत. साक्षीदाराचं नाव, वडिलांचं नाव, राहणार कुठे, सगळं खणखणीत आवाजात तीनदा. वर्षानुवर्षांची रीत ती. तोंड झाकायला मी, आणि पत्ता सगळ्या व्हरांड्याला. शी!

एकदा एक शिंपीण साक्षीला आली. तिच्या दुकानासमोर एका ठेकेदाराने रखवालदाराला गजाने मारून टाकलं होतं. खिडकीतून ते पाहणारी ती एकटीच. रखवालदाराच्या म्हाताऱ्या आईला तिने शब्द दिला होता की पाहिलं तेच सांगेन. पहिल्या दिवशी तिचा पुकारा झाला, ती 'हजर' म्हणून उठली, आणि वकील आले नाहीत म्हणून तारीख पडली. मग आणखी दोनदा पडली. दर वेळी तिचा पत्ता व्हरांडाभर दुमदुमला.

चौथ्या तारखेला ठेकेदाराचा भाऊ तिच्याशेजारी येऊन बसला. अगदी अदबीने. तिची पिशवी कलंडत होती, ती त्याने सरळ करून ठेवली.

"ताई, तुमची लेक पावणेपाचला शाळेतून सुटते ना? रस्ता एकटीच ओलांडते. जपायला सांगा तिला."

एवढंच बोलून तो पाणी प्यायला गेला. त्याला हटकणारं तिथे कुणी नव्हतं.

मग मला आत नेलं आणि तिला माझ्यामागे उभं केलं. तिने माझं कापड मुठीत घट्ट धरलं होतं. सरकारी वकिलांनी काय पाहिलंत म्हणून विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी मी खिडकी उघडलीच नव्हती.

वकील भडकले. साक्षीदार फितूर झाली असं त्यांनी जज्जसाहेबांना सांगितलं आणि तिला नाही नाही ते प्रश्न विचारले. तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला खोटारडी लिहा. पण बाहेर माझ्याशेजारी कोण येऊन बसलं होतं, तेही लिहा की."

ते कुणी लिहिलं नाही. विचारलं तेवढंच सांगा, अशी उलट तिलाच तंबी मिळाली. ठेकेदार सुटला. बाहेर जाताना शिंपिणीने रखवालदाराच्या आईला "मावशी" म्हणून हाक मारली, तर म्हातारीने तोंड फिरवलं. निकालात मात्र एक ओळ माझ्याविषयी आहे: साक्षीदारास पडद्याची सोय पुरवली होती.

आता माझं कापड विटलंय आणि शिपाईदादा माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. त्याचं मला काही नाही. मित्रांनो, मला नवं कापड लावू नका. साक्षीदाराला वेगळं दार द्या, वेगळी खोली द्या. तिचं नाव ओरडू नका. आली त्याच दिवशी तिचं ऐकून घ्या, आणि तिच्या लेकीच्या शाळेपाशी एक माणूस उभा करा. एवढं जमणार नसेल तर मला फोडून जाळून टाका. निदान माझ्याकडे बोट दाखवून 'हिची सगळी सोय केली होती' असं म्हणायला कुणाला तोंड राहणार नाही.