सिंकच्या काठावरची रिंग

नळाला बसवायचा फिल्टर तिने स्वतः आखला होता. टिकाऊ, आणि कुणालाही पान्याशिवाय उघडून धुता येईल असा. कारखान्यात पाठवण्याआधी पहिला नमुना तिने घरच्याच नळाला लावला.

"तुझं यंत्र आज सकाळी मी एकटीने धुतलं हो," नातीला बाटलीने पाणी पाजता पाजता सासूबाई म्हणाल्या. "मेकॅनिक म्हणून ठेव मला!"

तिला हसू आलं, आणि तेवढ्यात सिंकच्या काठावर काळी रबरी रिंग दिसली. पाणी गाळणाऱ्या कांडीखाली ती रिंग नसेल, तर पाणी न गाळताच बाजूने निसटतं. तिने बाळाच्या तोंडातली बाटली काढून घेतली. बाळाने घर डोक्यावर घेतलं.

"अगं, पाणी आरशासारखं स्वच्छ आहे की!"

"तेच तर, आई. गढूळ आलं असतं तर तुम्हाला कळलं तरी असतं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "माझ्या हातून..."

"तुमच्या नाही, माझ्या. रिंग सुटी ठेवली ती मीच. ती कांडीलाच घट्ट बसवायला हवी होती."

तिने पाणी उकळत ठेवलं. बाळाचं कपाळ गार होतं, तरी घडोघडी तिचा हात तिकडे जात होता.

"नवा नमुना केला की तुम्हीच धुवा," ती म्हणाली. "आणि मुद्दाम काहीतरी विसरून बघा."

"विसरायला मला सांगावं लागत नाही गं," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचाही हात बाळाच्या कपाळावरच होता.