नवमीची हळद

रिटायर झालेल्या माणसानं बागकाम करावं, ब्रिज खेळावा, गेला बाजार नातवंडांना पोहायला न्यावं. उत्तराच्या नवऱ्यानं, म्हणजे चारुदत्तनं, रायफल आणली. तीही शंभरीपार गेलेली, जुन्या ऑस्ट्रियन सैन्यातली. इतर रायफलींचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, म्हणे आधी वर उचलायचा आणि मग मागं घ्यायचा. हिचा नुसता सरळ मागं ओढायचा आणि सरळ पुढं ढकलायचा. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात गोळी झाडली की तो असा रुतून बसे की ओढताना अख्खा खांदा कामाला लागे. आणि चारुदत्तच्या उजव्या खांद्याचं तर फेब्रुवारीतच ऑपरेशन झालं होतं.

अमेरिकेत, कॅरी गावातल्या त्यांच्या घरात गेस्टरूमच्या कपाटातून रजया हलल्या आणि लोखंडी तिजोरी आली. खोलीला तेलाचा वास कायमचा चिकटला. उत्तरा बोलून बोलून थकली. शेवटी मुलीनं, हिमानीनं, फोनवरून बाबांना झापलं तेव्हा चारुदत्त म्हणाला, “ऑक्टोबरच्या मॅचमध्ये दहा शॉट टायमात कम्प्लीट झाले नाहीत, तर निमिषला देऊन टाकतो. प्रॉमिस.” निमिष म्हणजे त्याच्या नेमबाजीच्या क्लबातला नागपूरचा आयटीवाला. उत्तरानं हे वाक्य पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

मॅच शनिवारी, आणि बुधवारी खंडेनवमी. दरवर्षी ती सुरी, कात्री आणि स्क्रू-ड्रायव्हर पुजायची. यंदा घरात धडधडीत शस्त्र असताना कात्रीला फूल वाहायचं हे तिच्या मनाला पटेना. रायफल डोळ्यांसमोर नको होती हे खरं, पण पूजा ती पूजा. चारुदत्त फिजिओथेरपीला गेल्यावर तिनं तिजोरी उघडली. आकडा त्यांच्या लग्नाच्या तारखेचा होता. दुसरी कुठली तारीख त्याच्या लक्षातच राहत नसे. बोल्ट वेगळा काढून ठेवलेला होता. तिनं त्याला ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि तो येण्याआधी सगळं पेपर टॉवेलनं पुसून जागच्या जागी ठेवलं. पुसलं ते अर्थात वरवरच.

शनिवारी ती रेंजवर मागच्या खुर्चीत, कानांवर ते बोजड मफ्स चढवून बसली. चारुदत्तची पहिली गोळी सुटली, दुसरी सुटली. तिसरीनंतर बोल्ट हलेना. त्यानं ओढला, पुन्हा ओढला, मग हात वर केला.

“काका, मी ट्राय करू?” शेजारून निमिषनं विचारलं.

“नको.”

चारुदत्त रायफल तिथंच ठेवून मागं आला आणि तिच्या शेजारी बसला. “संपलं गं. हातात जोरच राहिला नाही. निमिष, आजच घेऊन जा तू.”

किती महिने ती याच वाक्याची वाट पाहत होती. खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण चारुदत्त आपला अंगठा बोटावर चोळत बसला होता, आणि बोट पिवळं झालं होतं.

“जुनं ग्रीस सुटतंय बघ,” तो म्हणाला.

गप्प बसली असती तर दिवाळीला गेस्टरूम रिकामी मिळाली असती. पण स्वतःच्या हळदीचं खापर त्याच्या खांद्यावर फुटताना तिला बघवेना. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

“ग्रीस कसलं? हळद आहे ती. नवमीला पूजा केली मी.”

“बोल्टची? अगं, रायफल आहे ती, चौरंगावरची सुपारी नाही!”

“मग घरात शस्त्र आणलं कुणी?”

निमिषनं हसू लपवायला तोंड फिरवलं. शस्त्रात बिघाड निघाला तर फेरी पुन्हा खेळायला मिळते, असा नियम निघाला. निमिषनं बोल्ट खोलला. पहिलं फडकं पिवळं निघालं, दुसरं लालसर, तिसऱ्याबरोबर तांदळाचा दाणा आला. शेवटचं पांढरंशुभ्र होतं. उत्तरानं ते मुद्दाम नीट पाहिलं.

दुसऱ्या फेरीत बोल्ट खटाखट चालू लागला. पाच झाल्या, सहा झाल्या. आपण बोटांवर मोजतोय हे तिला आठव्या गोळीला कळलं. नववी सुटली. चारुदत्तनं बोल्ट ओढला आणि तो अर्ध्यातच राहिला. कोपर थरथरायला लागलं, कपाळावर शीर उठली. तो ओढत राहिला आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली.

तो मागं आला. निमिषकडे त्यानं बघितलंच नाही.

“उत्तरा,” त्यानं हळूच विचारलं, “आत अजून थोडी हळद राहिली असेल का गं?”

निमिषनं तोंड उघडलं. उत्तरानं असे डोळे वटारले की त्यानं ते मिटलं.

“असणारच,” ती वैतागून म्हणाली. “वाटीभर लावली होती मी. पुढच्या मॅचच्या आधी नीट साफ कर.”